तरमणीची बातमी

वेलचेरीहून चेन्नई बीचकडे जाणारी लोकल धरली की पहिलं स्थानक पेरुंगुडी आणि दुसरं तरमणी. तरमणीला मद्रास विद्यापीठाची एक संस्था आहे, डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांचं नाव दिलेली, वैद्यकाच्या मूलभूत शास्त्रांची. नोकरीसाठी वेलचेरीत येऊन मला नऊ वर्षं झाली आणि त्यातली बरीचशी वर्षं मी रोज त्या स्थानकावरून गेलो. तिथल्या प्रयोगशाळेतून कधीकाळी जगभर गाजलेली बातमी निघाली होती, हे मला कळलं ते मावशीच्या आजारपणात.

मावशी मिरजेची. मिरज म्हणजे आमच्याकडचं दवाखान्यांचं गाव. पण भाचा चेन्नईत आहे, तिथली रुग्णालयं नावाजलेली आहेत, म्हणून गुडघ्याची शस्त्रक्रिया इथेच करायची असं घरात ठरलं. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. लघवीचं कल्चर पाठवलं आणि दोन दिवसांनी रिपोर्ट हातात आला. जंतूचं नाव क्लेब्सिएला न्युमोनिए. त्याखाली औषधांची लांबच लांब यादी आणि प्रत्येक नावापुढे एकच अक्षर, ‘आर’. आर म्हणजे रेझिस्टंट, हे औषध या जंतूवर चालणार नाही. अमुक आर, तमुक आर, मेरोपेनेमसुद्धा आर. तरुण डॉक्टरीणबाईंनी अगदी तळाशी बोट ठेवलं. तिथे कोलिस्टिन होतं. ते पन्नासच्या दशकात वापरात आलेलं औषध, मूत्रपिंडांना इजा करतं म्हणून नंतर बाजूला पडलेलं. आता तेच द्यायचं होतं, रोज मूत्रपिंडांची तपासणी करत.

मावशीनं मला जवळ बोलावून विचारलं, “अरे, मी आयुष्यात कधी एवढी भारी औषधं घेतलीच नाहीत. मग माझ्या शरीराला त्यांची सवय कशी झाली?”

मी हा लेख लिहितो आहे तो या प्रश्नासाठी. आपल्यातल्या शिकल्यासवरल्या माणसांचाही हाच समज असतो की औषधाची सवय शरीराला होते. म्हणजे मी जपून वागलो, फार गोळ्या खाल्ल्या नाहीत, तर माझ्यापुरती मी सोय करून ठेवली. हा समज साफ चुकीचा आहे, आणि तो चुकीचा आहे म्हणूनच आपण सगळे एवढ्या संकटात आहोत. सवय शरीराला होत नाही. औषधाला दाद न देण्याची ताकद जंतूत येते आणि तो जंतू कुणाच्याही शरीरात जाऊ शकतो. मावशीनं मेरोपेनेम कधी पाहिलंही नव्हतं. ते दुसऱ्या कुणाला तरी, केव्हातरी, कुठेतरी दिलं गेलं होतं. त्याचा हिशेब मावशीच्या खात्यावर निघाला.

हा हिशेब एका जंतूकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हे समजून घेतल्याशिवाय यातला नैतिक प्रश्न कळत नाही. जीवाणूचा मुख्य वारसा त्याच्या गुणसूत्रात असतो. तो पेशी दुभंगते तेव्हा पिढीजात पुढे जातो. पण पुष्कळ जीवाणूंजवळ याशिवाय डीएनएची छोटी, सुटी वर्तुळं असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. हे नाव जोशुआ लेडरबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९५२ मध्ये दिलं. दोन जीवाणू शेजारी आले की एक जण दुसऱ्याकडे तंतूसारखी नळी टाकतो, त्याला जवळ ओढतो आणि प्लाझ्मिडचा एक धागा पलीकडे सरकवतो. मग दोघेही आपापल्या धाग्याची जोडी पुरी करतात. आपल्या आयाबाया शेजारणीला विरजण देतात तसंच हे आहे. चमचाभर दिलं म्हणून देणारीचं दही कमी होत नाही आणि घेणारीच्या घरी रात्रभरात भांडं भरतं. शिवाय घेणारा त्याच जातीचा असावा लागतो असंही नाही. क्लेब्सिएलाचं विरजण ई. कोलायला चालतं.

ही गोष्ट प्रथम ध्यानात आली जपानमध्ये. तिथे पन्नासच्या दशकात हगवणीचे असे जंतू सापडू लागले की ज्यांच्यावर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल ही चारही औषधं एकदम निकामी ठरत. चार वेगवेगळ्या औषधांविरुद्धची ताकद एकाच वेळी कशी आली? १९५९ च्या सुमारास जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की ती ताकद एका गाठोड्यात बांधलेली असते आणि गाठोडंच हातोहात दिलं जातं.

गाठोड्याचा हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकाच प्लाझ्मिडवर अनेक औषधांविरुद्धची जनुकं शेजारी शेजारी बसलेली असतात. त्यामुळे त्यातल्या एका साध्या, स्वस्त औषधाची गोळी घेतली तरी अख्खं गाठोडं बाळगणारे जंतू तगतात आणि बाकीचे मरतात. ‘मी काही मोठं औषध घेतलं नाही, साधीच गोळी घेतली’ या समाधानाला त्यामुळे अर्थ उरत नाही. साधी गोळीसुद्धा अतिदक्षता विभागातल्या शेवटच्या औषधाचा शत्रू पोसू शकते. काही प्लाझ्मिडं तर अशी असतात की ज्या जीवाणूनं त्यांना टाकून दिलं तोच मरतो. ती विष आणि उतारा दोन्ही जवळ बाळगतात. औषध थांबवलं की ती आपोआप नाहीशी होतील, ही आशा म्हणून फार ठेवता येत नाही.

आता तरमणीची बातमी. डिसेंबर २००७ मध्ये भारतीय वंशाचा एक स्वीडिश गृहस्थ नवी दिल्लीत रुग्णालयात दाखल झाला होता. मायदेशी परतल्यावर त्याच्या लघवीत क्लेब्सिएला सापडला आणि त्यात मेरोपेनेम ज्यात मोडतं त्या कार्बापेनेम गटाच्या औषधांचे तुकडे करणारं एक नवं विकर मिळालं. ते घडवणारं जनुक प्लाझ्मिडवर होतं. त्याच माणसाच्या शौचात ई. कोलाय सापडला, आणि त्यातही तेच जनुक. म्हणजे विरजण बहुधा त्याच्या आतड्यातच दिलं-घेतलं गेलं होतं. या विकराला एनडीएम-१ म्हटलं गेलं. त्यातलं एनडी म्हणजे न्यू डेल्ही.

मग ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये एक निबंध आला. त्याचे पहिले लेखक होते तरमणीच्या संस्थेत संशोधन करणारे विद्यार्थी कार्तिकेयन कुमारसामी. सोबत कार्डिफचे टिमोथी वॉल्श आणि इतर अनेक. एनडीएम-१ बाळगणारे ४४ जंतू चेन्नईत मिळाले होते, २६ हरियाणात, ३७ ब्रिटनमध्ये आणि आणखी ७३ भारत-पाकिस्तानातल्या इतर ठिकाणी. ब्रिटनमधल्या ज्या २९ रुग्णांची माहिती मिळाली त्यांतले किमान १७ जण आदल्या वर्षभरात भारतात किंवा पाकिस्तानात येऊन गेले होते, आणि त्यांतल्या १४ जणांनी इथल्या रुग्णालयात उपचार घेतले होते.

देशात गदारोळ झाला. गदारोळ झाला तो नावावरून. आपल्या राजधानीचं नाव जंतूला का दिलं? हा वैद्यकीय पर्यटन बुडवण्याचा डाव आहे, असं म्हटलं गेलं. हे बोलणाऱ्यांत जबाबदार पदांवरची माणसं होती. हे अगदी निराधार होतं असं मी म्हणणार नाही. निबंधाच्या शेवटी वैद्यकीय पर्यटनाविषयी जो सूर लावला होता तो अनेकांना खटकला, आणि पहिल्या लेखकानंही त्यातल्या काही निष्कर्षांपासून स्वतःला वेगळं ठेवलं. जानेवारी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी दिल्लीत येऊन, शहराचं नाव देणं ही चूक होती, असं सांगत दिलगिरी व्यक्त केली. आपण जिंकलो.

पण परकीय कटाची ही गोष्ट टिकणारी नव्हती, आणि ती खोडून काढणारा पुरावा आपल्या घरातच पडून होता. ‘लॅन्सेट’च्या पाच महिने आधी, मार्च २०१० मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भारतीय फिजिशियनांच्या संघटनेच्या मासिकात लिहिलं होतं की ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या चार महिन्यांत कार्बापेनेमला दाद न देणारे २४ जंतू त्यांना मिळाले आणि त्यांतल्या २२ जंतूंत एनडीएम-१ होतं. पायल देशपांडे, कॅमिला रॉड्रिग्ज, राजीव सोमण वगैरे आपल्याच मंडळींनी, आपल्याच रुग्णालयात, आपल्याच मासिकात हे छापलं. त्याच अंकात चेन्नईचे डॉ. अब्दुल गफूर यांनी प्रतिजैविकांचा मृत्युलेख म्हणून संपादकीय लिहिलं. तेव्हा कुणी रस्त्यावर आलं नाही, संसदेत आवाज उठला नाही. घरच्या माणसानं सांगितलं तेव्हा ऐकलं नाही आणि परक्यानं सांगितलं तेव्हा अपमान वाटला. या दोन्ही वेळा जनुक मात्र आपल्या वाटेनं चालतच होतं.

पुढच्याच वर्षी, एप्रिल २०११ मध्ये, दिल्लीच्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली. नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ आणि रस्त्याकडेला साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत हे जनुक होतं; पटकीच्या आणि हगवणीच्या जंतूंतसुद्धा ते पोचलं होतं. पुन्हा इन्कार झाले. मी वेलचेरीत राहतो. डिसेंबर २०१५ चा पूर इथल्या लोकांनी भोगला, २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग वादळात मी स्वतः कमरेइतक्या पाण्यातून आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना बाहेर काढलं. तळ्याचं पाणी, गटारं, शौचालयांच्या टाक्या, सगळं त्या पाण्यात एक झालं होतं. रुग्णालयाच्या भिंतीआडचा प्रश्न रुग्णालयाच्या भिंतीआड राहतो असं मानणाऱ्यानं असं पाणी एकदा पाहावं. जीवाणूंना भेटायला, देवाणघेवाण करायला सांडपाण्यासारखी दुसरी बाजारपेठ नाही.

मराठी माणसाला रोग लपवण्याचा इतिहास अपरिचित नाही. १८९७ च्या पुण्यात प्लेगचे रोगी घराघरांत दडवले गेले. त्याला कारण होतं. प्लेग अधिकारी रँडच्या काळातले सोजीर घरात शिरत, देवघरं तुडवत, माणसांना ओढून नेत. त्या भीतीपोटी लपवणाऱ्याला मी दोष देणार नाही. त्याच काळात सावित्रीबाई फुले उघडपणे प्लेगच्या रोग्यांना दवाखान्यात नेत होत्या आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी गेल्या. आज आपल्या रुग्णालयांना कोणता रँड धाक घालतो आहे? भीती आहे ती एवढीच की आकडा बाहेर पडला तर रोगी शेजारच्या रुग्णालयात जातील. या भीतीसाठी माणसांना अंधारात ठेवणं मला अनैतिक वाटतं. दुसरा सौम्य शब्द मी वापरणार नाही.

मावशीच्या रिपोर्टनंतर मी रुग्णालयाच्या कार्यालयात जाऊन विचारलं, गेल्या वर्षभरात तुमच्याकडे शस्त्रक्रियेनंतर किती रुग्णांना असा संसर्ग झाला? उत्तर मिळालं नाही. मला अपमानास्पद वागवलं असंही नाही. हा प्रश्न कुणी विचारू शकतं हेच त्यांना नवीन होतं. खोलीचं भाडं, जेवणाचे प्रकार, विम्याची पद्धत, सगळ्याची छापील पत्रकं होती. संसर्गाचं नव्हतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद दरवर्षी प्रतिरोधाचा अहवाल काढते आणि ते मोलाचं काम आहे. पण त्यातून देशाचं चित्र कळतं. ज्या दारातून मी मावशीला आत नेलं त्या दारापलीकडचं कळत नाही.

हे शक्य नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये एमआरएसए या औषधांना दाद न देणाऱ्या जंतूच्या रक्तातल्या संसर्गाची नोंद २००१ पासून सक्तीची झाली आणि प्रत्येक रुग्णालय समूहाचे आकडे नावानिशी छापले जाऊ लागले. २००४ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर आणायचं ठरलं आणि २००८ पर्यंत ते निम्म्याखाली आलं. नवं औषध काही आलेलं नव्हतं. हात धुणं, नळ्या वेळेवर काढणं, सुया-सलाइन घालताना शिस्त पाळणं या जुन्याच गोष्टी लोक नीट करू लागले, कारण आकडा आता सगळ्यांना दिसत होता. इग्नाझ सेमेलवाइस यानं व्हिएन्नात बाळंतिणींचा ताप हात धुऊन कमी करून दाखवला ते वर्ष १८४७. एवढ्या वर्षांनंतरही मावशीला तपासायला आलेल्या एका मोठ्या डॉक्टरांना, “साहेब, हात...” असं म्हणायला माझी जीभ रेटेना. ती भीड माझी होती. ती मी सोडायला हवी होती.

माझ्या आणखी एका गोष्टीची कबुली इथेच देतो. घसा धरला की कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या अण्णांकडून अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या आणायच्या, हे मी वर्षानुवर्षं केलं. चिठ्ठी त्यांनी मागितली नाही, मी दाखवली नाही. बहुतेक सर्दी-पडसं विषाणूंमुळे होतं आणि विषाणूवर प्रतिजैविकाचा काडीचा परिणाम होत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. दोन गोळ्यांत बरं वाटलं की तिसरी डब्यात. त्या डब्यातली गोळी पुढे मावशी आली तेव्हा तिला खोकला झाला म्हणून मीच दिली. मावशीच्या पोटातल्या जंतूंवर तिनं काय केलं हे कुणालाच सांगता येणार नाही. पण ती द्यायचा मला अधिकार नव्हता.

कायदा काही झोपलेला नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये देशातल्या वैद्यकीय संघटना चेन्नईत एकत्र आल्या आणि त्यांनी चेन्नई घोषणापत्र काढलं, डॉ. गफूर त्यात पुढे होते. त्यांची भूमिका मला फार शहाणपणाची वाटते. सगळ्या प्रतिजैविकांवर एका फटक्यात चिठ्ठीची सक्ती केली तर जिथे डॉक्टरच नाही तिथलं न्युमोनिया झालेलं मूल औषधावाचून जाईल, म्हणून निदान शेवटच्या फळीची औषधं आधी कडीकुलपात ठेवा. पुढे ३० ऑगस्ट २०१३ ला एच-१ परिशिष्टाची अधिसूचना निघाली आणि १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली. त्यात तेव्हा ४६ औषधं होती, त्यांतली २४ प्रतिजैविकं. ही विकताना दुकानदारानं डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि औषध किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. २०१९ मध्ये कोंबड्यांना आणि इतर खाण्याच्या जनावरांना कोलिस्टिन द्यायला बंदी आली. मावशीला ज्या औषधानं वाचवलं ते कोंबड्या लवकर वजनदार व्हाव्यात म्हणून खाद्यात मिसळलं जात होतं, हे कळलं तेव्हा मला रात्री झोप लागली नाही.

गरिबाचं काय, हा प्रश्न मला इथे टाळायचा नाही. दिवसाची मजुरी बुडवून, डॉक्टरची फी भरून, मग औषध आणायचं. त्यापेक्षा दुकानातून चार गोळ्या घेतल्या तर चूक काय? पेरुंगुडीच्या बांधकामांवर राबणाऱ्या बिहारच्या, ओडिशाच्या मजुराला मी हे प्रवचन देणार नाही. त्याला आधी जवळ दवाखाना द्या, पिण्याचं स्वच्छ पाणी द्या, म्हणजे त्याला निम्म्या वेळा गोळी लागणारच नाही. माझं बोलणं आहे ते माझ्यासारख्यांशी. ज्यांच्याकडे विमा आहे, घरचा डॉक्टर आहे, वेळ आहे, आणि तरीही डॉक्टर म्हणाले की गरज नाही, तर ‘काहीतरी स्ट्राँग द्या ना’ म्हणून जे हट्ट धरतात. आणि त्या डॉक्टरांशी, जे रोगी दुसरीकडे जाईल म्हणून तो हट्ट पुरवतात. २०१९ या एका वर्षात जंतू औषधाला दाद देईनात म्हणून जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, भारतात सुमारे ३ लाख, असा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे. या आकड्यातली कितीतरी माणसं मावशीसारखी असतील. ज्यांनी स्वतः काहीच केलं नव्हतं.

मावशी तीन आठवड्यांनी घरी आली. मूत्रपिंडांवर थोडा परिणाम झाला आहे. मिठाचं, पाण्याचं पथ्य कायमचं आहे. मिरजेला परत जाताना तिनं तो रिपोर्ट माझ्याकडून मागून घेतला आणि औषधांच्या पिशवीत ठेवला.

तुमच्या घरातल्या कुणाची शस्त्रक्रिया ठरेल तेव्हा खोलीच्या भाड्याबरोबर एवढं विचारा: या रुग्णालयात गेल्या वर्षी संसर्ग किती झाले, संसर्ग नियंत्रणाचं काम कोण बघतं, लघवीची नळी कधी काढणार? तपासायला येणाऱ्याला हात धुवायला सांगा, तो कितीही मोठा डॉक्टर असो. उत्तर मिळालं नाही तर पुन्हा विचारा, आणि लेखी विचारा. घरातल्या औषधांच्या डब्यात उरलेलं प्रतिजैविक असेल तर ते कुणालाही देऊ नका, मावशीलासुद्धा नाही.